देणगीचा दिवस आणि हिशेबाचा दिवस

सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात सीना नदीने परंडा तालुक्यातील अनेक गावांना वेढा घातला. एरवी पावसाची वाट पाहण्यात ज्यांची वर्षे सरतात, त्याच गावकऱ्यांना पुराच्या पाण्यातून बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आणि हेलिकॉप्टर आणावी लागली. सोयाबीन उभ्या रानात कुजले, दावणीची जनावरे दगावली, नदीकाठच्या शेतांतील माती खरवडून निघाली. पाणी ओसरते न ओसरते तोच मदतीचा ओघ सुरू झाला. किराणा, ब्लँकेट, कपडे, औषधे, चारा असे जे ज्याला सुचले, ते त्याने पाठविले. महाराष्ट्रातील व्यापारी समाज अशा वेळी कधीच मागे राहिलेला नाही आणि त्यात जैन कुटुंबांचा वाटा नेहमीच मोठा असतो.

संकटाच्या पहिल्या आठवड्यात मदतीच्या गाड्यांची रीघ लागते. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये कृषी सेवा केंद्राच्या उधारीचा तगादा सुरू होतो, जूनमध्ये बारावी झालेल्या मुलीच्या पुढील प्रवेशाचा प्रश्न उभा राहतो आणि शेत पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी गाळ-माती कोठून आणावी, याची विवंचना असते. त्या वेळी ती वाट बहुधा मोकळी असते. यात दात्यांचा काही दोष नाही. भावना उत्कट असते तेव्हा हात आपोआप खिशाकडे जातो आणि ती ओसरली की माणूस आपल्या व्यापात गुंततो, हा मनुष्यस्वभाव आहे. या स्वभावाला पुरून उरणारी व्यवस्था म्हणजे सेवासंस्थेचा कायम निधी, आणि त्या निधीची राखण करणारा दिवस म्हणजे तिची वार्षिक सभा.

दुर्लक्षित राहणारी सभा

तालुक्याच्या गावी रोटरी किंवा लायन्ससारखे क्लब, समाजाची मंडळे, युवक-महिला शाखा, देवस्थानांचे विश्वस्त मंडळ अशा अनेक संस्था काम करीत असतात. नेत्रतपासणी शिबिर, रक्तदान, वह्यावाटप, उन्हाळ्यात पाणपोई हे त्यांचे नित्याचे उपक्रम. रोटरी आणि लायन्स यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. पदग्रहण समारंभाला सभागृह भरलेले असते, हारतुरे होतात, देणग्या जाहीर होतात, टाळ्या पडतात. जमाखर्च मांडला जातो त्या वार्षिक सभेला मात्र गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावे लागते. अहवाल 'वाचला असे समजण्यात यावे' म्हणून मंजूर होतो, ताळेबंदावर कोणी प्रश्न विचारीत नाही आणि अल्पोपाहाराकडे सर्वांचे लक्ष लागलेले असते.

नवल हे, की हीच मंडळी आपल्या दुकानात रोजमेळात पाच रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत रात्री घरी जात नाहीत. खतावणी, येणे-देणे, उचंत खाते यांत ज्यांची हयात गेली, त्यांच्या दानाचा हिशेब सैल का असावा? दान हा पुण्याचा विषय, त्याला हिशेबाची भाषा लावणे बरे नव्हे, असा एक भाबडा समज त्यामागे असतो. जैन शास्त्रपरंपरेला हा समज मान्य नाही.

दानाची चार अंगे

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात दानाचे श्रेष्ठ-कनिष्ठत्व चार गोष्टींवरून ठरविले आहे. दान कोणत्या रीतीने दिले तो विधी, काय दिले ते द्रव्य, कोणत्या भावाने दिले तो दाता, आणि कोणाला दिले ते पात्र. शास्त्रकारांचा मूळ संदर्भ सत्पात्राला, विशेषतः मुनींना द्यावयाच्या दानाचा आहे. तथापि रकमेच्या आकड्याला त्यात स्वतंत्र स्थान नाही, ही बाब आजच्या दात्यांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे. लाख रुपये चुकीच्या रीतीने दिले तर ते दान उणे ठरते आणि शंभर रुपये योग्य रीतीने, योग्य ठिकाणी पोचले तर ते थोर ठरते. एखाद्या सेवासंस्थेची वार्षिक सभा नीट चालविली, तर ती या चारही अंगांची तपासणीच असते.

विधीचा एक उत्तम नमुना परंड्यापासून फार दूर नाही. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४० मध्ये असे ठरविले, की न्यायाने मिळविलेल्या आपल्या संपत्तीचा विनियोग धर्म आणि समाज यांच्या उन्नतीसाठी करावा. ठरविल्याबरोबर त्यांनी रक्कम देऊन टाकली नाही. हा पैसा कोणत्या कार्याला लावावा, याविषयी त्यांनी देशभर फिरून जैन विद्वानांची मते प्रत्यक्ष आणि लेखी घेतली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथा क्षेत्री त्यांनी विद्वानांची सभा बोलाविली आणि तेथील विचारविनिमयानंतर जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना करून तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. पुढे १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती त्यांनी विश्वस्त निधी म्हणून संघाला अर्पण केली. याच संघातर्फे जीवराज जैन ग्रंथमाला निघाली आणि डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेल्या 'तिलोयपण्णत्ती'सारख्या ग्रंथांनी तिचा पाया घातला गेला. दोशींचे निधन १९५७ मध्ये झाले. ग्रंथमाला त्यांच्या पश्चातही चालू राहिली.

या उदाहरणातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी विचार, मग सल्लामसलत, मग सभा, मग दान आणि शेवटी विश्वस्त व्यवस्था. आज बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. आधी व्यासपीठावरून आकडा जाहीर होतो आणि त्याचे करावयाचे काय, याचा विचार सवडीने सुरू होतो.

जिल्ह्याने पाहिलेला दीर्घ उपक्रम

धाराशिव जिल्ह्याला आपत्ती नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या गणेश विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना, किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. दिगंबर समाजाच्या दशलक्षण पर्वाची सांगता नुकतीच झालेली होती. त्या दहा धर्मांपैकी आठवा धर्म उत्तम त्याग. त्याची कसोटी इतक्या लवकर आणि इतक्या निष्ठुरपणे लागेल, असे कोणाला वाटले नसेल.

त्या वेळीही अन्नवस्त्रांचे डोंगर जमा झाले. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने मात्र त्यापलीकडचा प्रश्न हाती घेतला. भूकंपग्रस्त भागातील मुलांच्या शिक्षणाचे काय? संघटनेने सुमारे १२०० मुले पुण्यास नेली आणि त्यांच्या निवास-भोजनाची व शिक्षणाची जबाबदारी पत्करली. त्यासाठी पुढे वाघोली येथे शैक्षणिक पुनर्वसनाचे संकुल उभे राहिले. ही मुले बहुसंख्येने जैनेतर शेतकरी आणि मजूर कुटुंबांतील होती.

व्यापारी वाचकांनी या निर्णयाकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहावे. ब्लँकेट एकदा द्यावयाचे असते. पाचवीतल्या मुलाची जबाबदारी घेणे म्हणजे किमान सात-आठ वर्षांचे देणे अंगावर घेणे. पहिल्या वर्षी वर्तमानपत्रांत बातम्या येतात आणि निधीही सहज मिळतो. चौथ्या वर्षी बातमी नसते, पण मेसचे बिल तितकेच असते, किंबहुना महागाईने वाढलेले असते. असे कार्य वर्षानुवर्षे तडीस न्यावयाचे, तर भावनेच्या जोडीला नियोजन, हिशेब आणि दरवर्षी नव्याने निधी उभारण्याची यंत्रणा लागते.

साडेसव्वीस डॉलरची गोष्ट

ही यंत्रणा उभी करण्यास आरंभी मोठी रक्कम लागते, हाही एक गैरसमज आहे. १९१७ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथील अधिवेशनात रोटरीचे तत्कालीन अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी जगात सत्कार्य करण्यासाठी एक कायम निधी उभारावा, अशी कल्पना मांडली. त्या निधीत पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या क्लबकडून आलेली पहिली देणगी होती अवघी साडेसव्वीस डॉलरची. अधिवेशनाच्या खर्चातून ती रक्कम शिल्लक राहिली होती. दहा वर्षांनंतरही निधी जेमतेम पाच हजार डॉलरच्या वर गेला होता. १९२८ मध्ये त्याला 'रोटरी फाउंडेशन' हे नाव मिळाले. पुढे याच फाउंडेशनने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाची जागतिक मोहीम हाती घेतली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. परंड्याच्या वाडीवस्तीवरील बालकाला पाजलेल्या दोन थेंबांमागे शासन आणि आरोग्यसेविका यांच्या बरोबरीने अशा संस्थांचीही साथ होती.

या फाउंडेशनची एक पद्धत व्यापाऱ्यांना विशेष पटेल. वार्षिक निधीत आलेली देणगी लगेच खर्च होत नाही. ती तीन वर्षे गुंतविली जाते, तिच्या उत्पन्नातून प्रशासनाचा भार उचलला जातो आणि तीन वर्षांनी मूळ रकमेचा सुमारे निम्मा भाग ती जेथून आली त्याच रोटरी जिल्ह्याच्या उपक्रमांसाठी उपलब्ध होतो. म्हणजे यंदा दान देणाऱ्याला तीन वर्षांनंतरच्या गरजेचा विचार करावा लागतो. नोव्हेंबर महिना फाउंडेशनच्या कार्यासाठी राखलेला असतो आणि वर्षाचा हिशेब सदस्यांपुढे ठेवला जातो.

कायम निधीचे साधे गणित

परंड्यासारख्या गावातील एखाद्या संस्थेने दहा लाख रुपये जमविले, असे उदाहरणादाखल धरू. पूर आलेल्या आठवड्यात त्यातून हजार रुपयांची एक अशी हजार किराणा पाकिटे देता येतील. भुकेची वेळ असेल, तर तेच करावयास हवे. तेव्हा व्याजाचे गणित मांडणे निर्दयपणा ठरेल. परंतु तातडीची गरज भागल्यानंतर हीच रक्कम कायम निधी म्हणून सात टक्के दराने मुदत ठेवीत ठेवली, तर वर्षाला सत्तर हजार रुपये व्याज येते. आयकराची सूट टिकविण्यासाठी धर्मादाय संस्थेला सर्वसाधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टासाठी खर्च करावा लागतो. १५ टक्के राखून ठेवता येतो. त्यानुसार दहा हजार पाचशे रुपये मुद्दलात मिळविता येतील आणि एकोणसाठ हजार पाचशे रुपये खर्चास मिळतील. आठ हजार पाचशे रुपयांची एक अशा सात शिष्यवृत्त्या यातून देता येतात, आणि त्याही दरवर्षी.

येथे एक सावधगिरी हवी. मुद्दलात वर्षाला फक्त एक टक्क्याच्या आसपास भर पडत असेल आणि महागाई त्याहून अधिक असेल, तर निधी कागदावर तितकाच दिसला तरी त्याची खरी किंमत घटत जाते. म्हणून दरवर्षी नव्या देणग्यांतून कायम निधीत काही भर टाकणे अपरिहार्य आहे. किती भर टाकावी, किती खर्च करावा, हे ठरविण्याचे स्थान वार्षिक सभा. तो निर्णय अध्यक्षांच्या एकट्याच्या उत्साहावर सोडता येत नाही.

कायम निधीची देणगी देताना ती त्याच हेतूने दिल्याचे दात्याने लेखी नमूद करावे. तसे नसेल, तर ती सर्वसाधारण उत्पन्नात धरली जाण्याचा संभव असतो. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला दात्याच्या आयकरात सवलत मिळत नाही. त्यामुळे धनादेश किंवा बँकेतून थेट भरणा, हीच सुरक्षित रीत.

सभेच्या पटलावर काय असावे

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. हिशेबांची लेखापरीक्षा आणि विश्वस्त बदलल्यास बदल अर्ज या गोष्टी कायद्याने सांगितलेल्या आहेतच. परंतु कायद्याची पूर्तता ही किमान मर्यादा झाली. विश्वास टिकवावयाचा, तर सभेपुढे आणखी काही पत्रके ठेवली पाहिजेत.

पहिले पत्रक जाहीर आणि प्राप्त देणग्यांचे. मंदिरातील बोली असो वा क्लबच्या समारंभातील घोषणा, जाहीर रक्कम आणि जमा रक्कम यांत पुष्कळदा अंतर राहते. कोणाचा अपमान न करता, नावे न वाचता, फक्त एकूण येणे बाकी दरवर्षी सांगितली तरी पुरे. ज्याला समजावयाचे त्याला ते समजते. दुकानाच्या उधारीला जी मुदत असते, ती दानाच्या शब्दालाही असावी.

दुसरे पत्रक गुंतवणुकीचे. पूर्वी देवस्थानाचा पैसा गावातील एखाद्या विश्वासू पेढीवर व्याजाने ठेवण्याची चाल होती. त्या काळी बँका दूर होत्या आणि पेढीची पत हाच आधार होता. आज ही पद्धत कायद्याला धरून नाही. न्यासाचा निधी अनुसूचित बँक, टपाल बचत किंवा कायद्याने मान्य केलेल्या अन्य मार्गांतच गुंतविला पाहिजे. विश्वस्ताच्या अथवा त्याच्या आप्ताच्या व्यवसायात तो फिरविणे, मग व्याज कितीही चोख मिळो, सर्वथा गैर आहे. व्यवसाय बुडाला तर पैसा जातो, आणि तरला तरी संशय उरतो.

तिसरे पत्रक परिणामांचे. गेल्या वर्षी सात विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, तर त्यांतील किती जण पुढच्या वर्गात गेले, कोणी शिक्षण सोडले, का सोडले? शंभर जणांना चष्मे दिले, तर ते वापरात आहेत काय? हा शोध घेण्यास पैसा लागत नाही. दोन कार्यकर्त्यांनी वर्षातून दोनदा घरोघर जाणे पुरते.

व्यापाऱ्यांच्या जुन्या रीतीतही ही जाण होतीच. पट्टीत किंवा बिलात 'धर्मादा' म्हणून वेगळी रक्कम घेण्याची प्रथा सर्वांना परिचित आहे. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न मानावी काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला, की धर्मादाय कार्याच्या बंधनासह घेतलेली ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडलेली असूनही ती त्याची नसते. सेवासंस्थेच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या हाती असलेल्या निधीविषयी हीच भावना बाळगावयाची असते.

पात्र कोण?

चौथे अंग पात्राचे, आणि सर्वांत नाजूकही तेच. साधर्मी बांधवांना साहाय्य करणे हे कर्तव्य आहेच. लहान गावात मोडकळीस आलेले दुकान चालविणारे, मुलांच्या शिक्षणासाठी दागिने गहाण ठेवणारे जैन कुटुंबही असते आणि प्रतिष्ठेपायी ते मागावयास येत नाही. अशांसाठी गुप्तदानाची परंपरा आहे. ती जपली पाहिजे. त्याचबरोबर जैन समाजाने दानाची कक्षा समाजापुरती कधी आखली नाही, याची साक्ष इतिहास देतो. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसविली. वसतिगृह चालविण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. एका समाजाने आपल्या मुलांसाठी उभारलेल्या बोर्डिंगचे व्याज असे साऱ्या महाराष्ट्राला मिळाले.

देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हेही पात्राच्या विचारातच येते. पुरातून सावरणाऱ्या बाईच्या हाती पाकीट देऊन पाच जणांनी छायाचित्र काढून घेणे अशोभनीय आहे. शाळकरी मुलांना व्यासपीठावर उभे करून 'गरजू विद्यार्थी' म्हणून त्यांची नावे पुकारणे त्याहून क्लेशकारक. शिष्यवृत्ती थेट पालकांच्या किंवा शाळेच्या खात्यात जमा व्हावी. सभेपुढे संख्या, इयत्ता आणि प्रगती ठेवावी. नावे लेखापरीक्षकाच्या नोंदीत राहू द्यावीत.

परंड्यापुढील काम

परंडा हे किल्ल्याचे गाव. निजामशाहीच्या पडत्या काळात काही वर्षे येथे राजधानीही होती. शेजारच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना १९५५ मध्ये तेथेच झाली. बार्शीच्या बाजारपेठेशी या टापूचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. दुष्काळात जे शेतकरी दुकानांच्या उधारीवर तरले आणि सुगीत ज्यांनी ती फेडली, त्यांच्याच रानांत २०२५ मध्ये पाणी शिरले. येथील व्यापार त्यांच्या पिकावर उभा आहे. त्यांची मुले शिकली, रान पुन्हा पिकते झाले, तर बाजारपेठही सावरते. या अर्थाने हे दान परोपकाराइतकेच परस्परांचे ऋण फेडणे आहे.

त्यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. असलेल्या क्लबांनी, मंडळांनी आणि विश्वस्त संस्थांनी येत्या वार्षिक सभेत तीन ठराव करावेत. पूरग्रस्त कुटुंबांतील ठराविक मुलांची जबाबदारी शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत घ्यावी; त्यासाठी स्वतंत्र कायम निधी उघडून दरवर्षी त्यात भर टाकण्याचे बंधन स्वीकारावे; आणि त्या निधीचा व मुलांच्या प्रगतीचा अहवाल दरवर्षी त्याच सभेत, चर्चेसाठी पुरेसा वेळ ठेवून, मांडावा. सात मुलांची जबाबदारी झेपत असेल, तर सातच घ्यावी. आठव्या मुलाला शब्द देऊन तो मधेच मोडण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

सदस्यांनी करावयाचे काम त्याहून सोपे आहे. वार्षिक सभेची सूचना आली की तारीख टिपून ठेवावी, ताळेबंद आधी मागवून घरी वाचावा आणि सभेत किमान एक प्रश्न विचारावा. प्रश्न विचारणे म्हणजे पदाधिकाऱ्यांवर अविश्वास दाखविणे, असे कोणी मानू नये. प्रामाणिक कार्यकर्त्याला अशा प्रश्नाने बळ मिळते, कारण त्याचे उत्तर त्याच्यापाशी तयार असते. देणगी जाहीर करण्याच्या दिवशी जितकी माणसे येतात, तितकी हिशेबाच्या दिवशीही येऊ लागली, की पुढच्या जूनमध्ये प्रवेशासाठी आलेल्या त्या मुलीला रिकाम्या हाताने परत जावे लागणार नाही.